युरिया-डीएपी सोडल्यावर गवती चहा, पाचोली आणि मोगऱ्याला काय घालायचं?

वाळपईकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) वरच्या उतारावर अर्धा एकर गवती चहा आहे, पोफळीखाली पाचोली लावली आहे, घराजवळ मोगरा आणि जायो (जाई) आहेत. आजवर युरिया आणि डीएपी घातलं. सुरुवातीची दोन वर्षं पीक जोमात होतं. आता पाला फिका दिसतो, तेल कमी उतरतं, वासही पूर्वीसारखा राहिलेला नाही. तेल घेणाऱ्याला बिनरसायनाचा माल हवा आहे. मग युरिया-डीएपीऐवजी काय घालू, आणि किती?

ताई, किती घालायचं ते खाली आकड्यांसह सांगतोच. पण आधी तुम्ही शेतातून नेमकं काय विकता ते पाहू, कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्राल. पाचोलीच्या तेलात पाचोली अल्कोहोल. हे पदार्थ कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांचेच बनलेले असतात, म्हणजे झाड ते हवा आणि पाण्यातून घडवतं. त्यात नत्र (नायट्रोजन) नाही, स्फुरद (फॉस्फरस) नाही, पालाश (पोटॅश) नाही. तुम्ही पिशवीतून घातलेलं, झाडाने उचललेलं सगळं खत तेल काढल्यावर चोथ्यातच उरतं. भात, नारळ, केळी विकली की जमिनीतले क्षार मालाबरोबर बाजारात जातात, तेलाच्या पिकात तसं होत नाही. सुगंधी पिकाची ही फार मोठी सोय आहे, आणि गोव्यात बहुतेक जण ती वाया घालवतात. तेल काढून झालं की चोथा भट्टीखाली जळतो नाहीतर ओहोळाच्या कडेला पडून राहतो. जाळला तर पालाश आणि चुना राखेत उरतो, नत्र मात्र धुरावाटे जातं. ओहोळाकडे टाकला तर पहिल्या पावसात सगळंच म्हादई नदीत.

तुमच्या अर्ध्या एकराचंच धरू. चांगल्या मळ्यात वर्षाला साधारण ५ टन ओला पाला निघतो. तेल शेकडा पाऊण धरलं तरी ३५-४० किलो. उरलेल्या चोथ्यात ढोबळमानाने १२ ते १५ किलो नत्र आणि त्याहून जास्त पालाश असतो. हा चोथा दरवर्षी मळ्याबाहेर जात असेल तर कुठलंही खत, रासायनिक असो वा सेंद्रिय, शेवटी कमीच पडणार.

आता पाला फिका का पडला? युरियात फक्त नत्र, डीएपीत नत्र आणि स्फुरद. पालाश दोन्हींत नाही. गवती चहाला पालाशाची भूक नत्राइतकी, कधी त्याहून जास्त. दोन वर्षं झाडाने जमिनीतला साठा उचलला आणि नंतर तो संपला. शिवाय दोन्ही खतांनी माती हळूहळू आंबट होते, आणि आपली जांभी माती मुळातच आंबट. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम डीएपीतला स्फुरद धरून ठेवतात, मुळांना तो मिळत नाही. नत्राचं उलटं. सत्तरीत पाऊस ३००० मिलिमीटरच्याही वर जातो, जूनमध्ये फेकलेला युरिया आठवडाभरात झिरपून खाली जातो. म्हणजे स्फुरद अडकतो, नत्र वाहतं आणि पालाश कधी घातलाच नाही.

एक खात्री करून घ्या. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या असतील तर पालाशाची ओढ आहे. जुनी पानं सगळीच सारखी पिवळी असतील तर नत्राची. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची. आमच्या पावसात मॅग्नेशियम फार धुऊन जातं, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

वास कमी होण्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. नत्र जास्त झालं की पाला लुसलुशीत होतो, वजन वाढतं, पण किलोमागे तेल घटतं. पावसाळ्यातल्या कापणीत तेलाचं प्रमाण तसंही कमीच असतं. कोवळा पाला कापला किंवा कापलेला ओला पाला ढीग करून ठेवून गरम होऊ दिला, तरी तेल जातं. कापणी उघडीप पाहून करा, पाला सावलीत पातळ पसरून एखादा दिवस सुकू द्या आणि मग भट्टीवर चढवा. यातलं काही चुकत असेल तर खत बदलून वास परत येणार नाही.

तर घालायचं काय?

पहिला मान चोथ्याचा. ताजा चोथा मातीत गाडू नका. त्यात कार्बन फार आणि नत्र कमी, तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक आणखी पिवळं पडतं. वर आच्छादन म्हणून पसरायला मात्र हरकत नाही. दोन ओळींच्या मध्ये वीतभर जाड थर द्या, बुंध्यापासून थोडं अंतर सोडा. चवथीनंतर पाऊस ओसरला की हे आच्छादन घालावं. उतारावर ओल टिकते, तण दबतं, आणि पुढच्या पावसात ते कुजून मातीत उतरतं. उरलेल्या चोथ्याचं खत करा. चोथ्याचा एक थर, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) हिरव्या पाल्याचा एक थर, वर शेणाची पातळ रबडी, असा ढीग छातीएवढा रचा आणि महिन्याने पालटा. गांडूळ सोडायचे असतील तर निदान दोन-तीन आठवडे ढीग तापून निवू द्या. चोथ्यात उरलेल्या तेलाचा वास गांडुळांना सोसत नाही, घाई केली तर ते खड्ड्यातून पळतात. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने तेल काढलेल्या चोथ्याचं आच्छादन आणि गांडूळखत या दोन्हींवर काम केलं आहे, ही पद्धत नवीन नाही.

आणि ढिगावर छप्पर हवंच. गोव्यात सेंद्रिय खत फुकट जाण्याचं सर्वांत मोठं कारण उघडा ढीग, असं माझं ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेल्या शेणखतात ऑक्टोबरला रंग आणि भुसा तेवढा उरतो. माडाच्या चुडत्यांचं छप्पर करा, जमिनीपासून थोडा उंच ओटा करा, खालून काळं पाणी निघालं तर ते धरायला खड्डा ठेवा आणि तेच पाणी ढिगावर परत ओता. विकतचं शेणखत आणण्याच्या खर्चापेक्षा हे छप्पर स्वस्त पडतं.

आता नत्राचा हिशेब. तुमच्या मळ्याला वर्षाला २० किलोच्या आसपास नत्र लागेल. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे २ टन शेणखतातून १० किलो, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा लागू पडतो, बाकीचं पुढच्या वर्षांत. म्हणून एकट्या शेणखतावर पहिल्या वर्षी मळा उभा राहत नाही. इथे गिरिपुष्प कामाला येतं. ओल्या पाल्याच्या टनाला ६ किलोच्या आसपास नत्र मिळतं आणि ते लवकर सुटतं. मळ्याच्या तिन्ही कडांना आणि कुळागराच्या वईवर (कुंपणावर) हातभर लांबीच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवा. दुसऱ्या वर्षापासून वर्षाला दोन-तीनदा छाटता येतात. तोवर शेजारपाजारच्या वयांवरून आणा. बहुतेक लोक ते सरपण म्हणून तोडतात, पाला तसाच टाकतात.

त्याच्या जोडीला पेंड. निंबोळी पेंडीत ५ टक्क्यांच्या आसपास नत्र, करंज पेंडीत ४ टक्के. आपल्याकडे कडुनिंब थोडाच, पण नदीकाठी आणि खाजनाच्या बांधांवर करंज भरपूर, त्यामुळे करंज पेंड जवळपास मिळाली तर तीच घ्या. गवती चहाला अर्ध्या एकरात वर्षाला १०० किलो पेंड पुरे. एकदम नको, प्रत्येक कापणीनंतर थोडी थोडी, बुंध्याभोवती, मातीने झाकून. जुलैच्या मुसळधारेत मुळीच नाही.

चोथा परत, २ टन शेणखत, टन-दीड टन गिरिपुष्प आणि १०० किलो पेंड, एवढ्यात नत्राचा हिशेब बसतो. पहिल्या वर्षी पाल्याचं वजन थोडं घटेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्या पावसानंतर मळा सावरतो.

पालाश मिळतो राखेतून. भट्टीची राख, लाकूड जाळणाऱ्या बेकरीची राख, काजूच्या हंगामात फेणीच्या भाटीवरची राख, सगळी चालते. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जळलेली राख नको. राखेत पालाशाबरोबर चुनाही असतो, म्हणजे आंबट मातीला दुहेरी फायदा. पण राख शेणाच्या ढिगात मिसळू नका. राख आणि शेण एकत्र आलं की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच. राख वेगळी ठेवा, पावसापासून झाकून, आणि शेणखतानंतर पंधरा दिवसांनी घाला. नारळाच्या सोडणांतही पालाश भरपूर, ती सरीत उताराला आडवी पुरून ठेवलीत तर पाणीही अडेल. सोडणांचा भुसा मात्र कच्चा घालू नका, तो वर्षानुवर्षं कुजत नाही.

चुन्यासाठी दुकानात जायची गरज नाही. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची शिंपलं म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. कुटून बारीक केली की हळूहळू माती गोड करत राहतात. किती घालायची ते माती परीक्षणाशिवाय ठरवू नका. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना देता येतो. जुन्या गोव्याला, एला येथे, आयसीएआरची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेही सल्ला मिळतो. जांभ्या मातीत स्फुरदासाठी खडकी फॉस्फेट चांगलं काम करतं. माती आंबट असते म्हणूनच ते विरघळतं. त्यामुळे चुना आणि खडकी फॉस्फेट एकाच वेळी, एकाच जागी घालू नये, घातलं तर फॉस्फेट तसंच पडून राहतं. फॉस्फेट शेणखतात मुरवून खड्ड्यात घाला, चुना किंवा शिंपलं पुढच्या हंगामाला वरून द्या.

जीवाणू खतांबद्दल लोक फार मोठ्या आशेने विचारतात. माझ्या अनुभवात आपल्या मातीत सर्वांत उपयोगाची ठरते ती मायकोरायझा बुरशी. ती मुळांशी जोडली जाते आणि मुळांना न पोचणारा स्फुरद आणून देते. गवती चहा, वाळा, पाचोली तिघांनाही ती मानवते. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या बुरशीवर दीर्घ काळ संशोधन झालं आहे. रोप लावताना मुळाला लागेल अशी खड्ड्यात घाला, उभ्या पिकावर शिंपडून फारसं हाती लागत नाही. गवतवर्गीय पिकाला ॲझोस्पिरिलम, म्हणजे हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, जोडीला द्या. पाकीट घेताना तारीख पाहा, आणि उन्हात टांगलेली पाकिटं विकणाऱ्याकडून घेऊच नका.

जीवामृत तुम्ही घालताच असाल. घाला, पण त्याचं काम समजून घाला. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, २०० लिटर पाण्यात. यातलं सगळं नत्र जोडलं तर पाव किलोही भरत नाही, आणि हे एका एकराला. पिकाला लागतं ४० किलो. म्हणजे जीवामृताने पीक जेवत नाही, मातीतले जिवाणू हलतात. त्यांना कुजवायला खाली चोथा, पाला, शेणखत असेल तर जीवामृताचा गुण दिसतो. उघड्या, उपाशी मातीवर ओतलेलं जीवामृत बघून ज्यांनी सेंद्रिय शेती सोडली अशी चांगली माणसं मला माहीत आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाचोलीचं पथ्य निराळं. पोफळीची विरळ सावली तिला मानवते, पाटाचं पाणीही आहे, पण तिची खरी वैरी सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी. रोप उपटून मुळं पाहा. गाठी दिसल्या तर फिकेपणाचं कारण खत नाही. अशा जागी कितीही खत घातलं तरी मुळं ते उचलू शकत नाहीत. तिथे निंबोळी पेंडच घ्या, करंज नको, लावणीच्या पंधरवडाभर आधी मातीत मिसळा, आणि छाट गाठी नसलेल्या झाडाचेच घ्या. शक्य असेल तर त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावा. पाचोलीला आच्छादन पोफळीच्या झावळ्यांच्या तुकड्यांचं करा, पण पावसाळ्यात बुंधा मोकळा ठेवा, नाहीतर खोड कुजतं. आणखी एक: तुम्ही पाचोलीचा सुका पाला विकता की तेल? पाला विकत असाल तर क्षार पाल्याबरोबर जातात, वर सांगितलेला फायदा मिळत नाही. घेणाऱ्याला चोथा परत मागा. बहुतेकांना तो अडचणच असतो, आनंदाने देतात.

मोगरा आणि जायो यांना मी मासळीचं खत देतो. बाजारात मासे साफ करून उरलेली डोकी, आतडी, खवले आणा, तेवढ्याच वजनाचा गूळ घालून झाकणाच्या पिंपात सावलीत तीन-चार आठवडे ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू साठतो. गाळलेला अर्क लिटरभर पाण्याला १० मिलिलिटर या मापाने मुळाशी घाला. कळ्यांवर कधीही फवारू नका. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या जायांच्या पूजेसाठी ज्यांनी जायो ओवल्या आहेत त्यांना या फुलांचा वास किती नाजूक ते वेगळं सांगायला नको. खारवलेली मासळी माडाला घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माड ते मीठ सोसतो, मोगरा नाही, पाचोली तर नाहीच. मोगऱ्याची छाटणी डिसेंबरमध्ये करून लगेच शेणखत, मूठभर पेंड आणि पंधरा दिवसांनी दोन मुठी राख द्या. फुलं मार्चपासून येतात, त्या काळात मासळीचा अर्क दर पंधरवड्याला पुरे.

किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री शेवाळही चांगलं, पालाश आणि सूक्ष्म द्रव्यांसाठी. पावसाच्या पाण्यात धुऊन मग ढिगात घाला. खडकाला चिकटलेलं खरवडू नका, ते जिवंत असतं आणि माशांची पिल्लं त्यात वाढतात. फेणीसाठी रस काढून उरलेला काजूच्या बोंडूंचा चोथा आंबट असतो, तो थेट मळ्यात नको, शेणाबरोबर ढिगात कुजवलात तर उत्तम. ओहोळातला गाळ मात्र खाण पट्ट्यातून येत असेल तर तपासल्याशिवाय शेतात आणू नका. सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत खाणींवरून वाहून आलेल्या मातीने शेतं निकामी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

राहिला तेल घेणाऱ्याचा प्रश्न. त्याला नुसता शब्द पुरेसा आहे की प्रमाणपत्र हवं, हे आधी विचारून घ्या. प्रमाणपत्र हवं असेल तर बहुवार्षिक पिकाला रूपांतराचा काळ ३ वर्षांचा धरतात, आणि त्या पूर्ण काळात रसायन चालत नाही; तो कुठल्या दिवसापासून मोजतात ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारून घ्या. म्हणून अर्धं युरिया आणि अर्धं शेणखत असं दोन-तीन वर्षं करत बसण्यात तुमचं नुकसान आहे. पुढची कापणी झाली की एकदम थांबा आणि ती तारीख वहीत लिहा. कुठल्या वाफ्यात कधी काय घातलं, पेंड कुठून आणली, पावती, सगळं त्याच वहीत. शेजाऱ्याच्या भातातला युरिया पाण्याबरोबर तुमच्याकडे उतरत नाही ना तेही पाहा. तुमचा मळा वरच्या उतारावर आहे, ते सोयीचं. बांधावर वाळ्याची ओळ लावलीत तर माती अडेल आणि सव्वा-दीड वर्षाने मुळंही विकता येतील, फक्त बांधाच्या कडेची मुळं उपटू नका.

माती परीक्षणाचा कागद हाती आला की सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब आणि पालाश हे ३ आकडे कळवा, पाचोलीच्या मुळांना गाठी आहेत का तेही लिहा. शिंपल्यांचा चुना किती आणि केव्हा, ते त्यावरून सांगता येईल.